यादीबाहेरचे भाडेकरू

मुंबईतल्या जुन्या भाड्याच्या इमारती वाचवणे हे सरकारचेही काम आहे, असे कायद्याने मान्य केले ते १९६९ साली. मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ अधिनियम त्या वर्षी झाला, तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. साठच्या दशकात पावसाळा आला की कुठली ना कुठली चाळ बसायची. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात दुरुस्ती होत नव्हती, भाडेकरूला ती पदरमोड करून परवडत नव्हती. त्यावर तोडगा निघाला तो असा: मालमत्ता कराबरोबर उपकर घ्यायचा, सरकारने आणि महापालिकेने त्यात भर घालायची आणि त्या पैशातून मंडळाने इमारती सावरायच्या. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या शहरात अशा १९,६४२ इमारती नोंदल्या गेल्या. त्यांपैकी १६,५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या, म्हणजे ‘अ’ वर्गातल्या होत्या. हे काम पुढे १९७७ पासून म्हाडाकडे गेले.

या कायद्याने हजारो कुटुंबांचे छप्पर टिकवले, हे आधी सांगायला हवे. पण यादी इमारतींची होती आणि इमारतीमागे नोंदलेल्या भाडेकरूंची होती. त्याच खोल्यांत पोटभाड्याने, पथारीपुरत्या जागेवर किंवा कारखान्याच्या पोटमाळ्यावर झोपणारा नवा माणूस कुठल्याच यादीत नव्हता, आजही नाही. जुन्या वस्तीतले घर कोसळते किंवा पेटते तेव्हा सर्वांत कमी हक्क असलेला आणि सर्वांत जास्त धोक्यात असलेला माणूस हाच असतो.

या खोल्या बांधल्या गेल्या त्याच मुळी बाहेरून आलेल्यांसाठी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरी, सातारा, पुण्याकडून माणसे मुंबईत उतरू लागली. वऱ्हाडातून उतरला तो कापूस. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची रेल्वे, जिला पुढे सगळे ‘शकुंतला’ म्हणू लागले, ती कापूस बंदरापर्यंत आणि गिरण्यांपर्यंत पोचावा म्हणूनच टाकली गेली. यवतमाळचा कापूस आणि कोकणचा कामगार यांची गाठ परळ-लालबागच्या साच्यांवर पडली. कापसाच्या गाठींसाठी गोदामे होती. कामगाराला मिळाली चाळीतली खोली, आणि तीही बहुधा वाटून.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी केले आणि या खोल्यांची अवस्था पहिल्यांदा सरकारच्या डोळ्यांवर आली. पाठोपाठ १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, हवा खेळती केली, काही चाळीही बांधल्या. पाडलेल्या खोल्यांतली माणसे मात्र सगळी नव्या चाळीत गेली नाहीत. उरलेली शेजारच्या वस्तीत घुसली आणि तिथली दाटी वाढली. वस्ती सुधारायची म्हणजे पाडायची, आणि पाडल्यावर माणूस कुठे गेला याची नोंद ठेवायची नाही, हा प्रघात तेव्हापासूनचा आहे. १९२० नंतर डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे २०७ इमारती बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली, आणि नळ-संडास मजल्याला सामाईक. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या बर्नेट-हर्स्ट यांच्या पाहणीत मुंबईतली ९७ टक्के कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहताना आढळली.

एकट्याने आलेल्या पुरुषांची व्यवस्था आणखी वेगळी होती. कोकणातल्या गावकऱ्यांनी मिळून एकेक खोली घेतली, तिला गावकीची खोली म्हणत. भिंतीवर खुंट्या, खुंटीवर प्रत्येकाची पिशवी, खाली वळकटी. रात्रपाळीचा कामावर गेला की त्याच्या जागेवर दिवसपाळीचा पाठ टेकायचा. गोव्याच्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे असेच ‘कूड’ धोबीतलाव, माझगावकडे होते. जेवण खाणावळीत. या व्यवस्थेला एक मोठा आधार होता: खोली गावाच्या नावावर होती, भाडे वर्गणीतून जात होते आणि आजारी पडलेल्याला उचलून गावी पोचवणारे चार हात शेजारीच होते. दाटी भयंकर असली तरी माणूस बेवारस नव्हता. आज ज्यांना परप्रांतीय म्हणून ओळखले जाते त्यांच्या जागी त्या काळी मराठी माणूसच होता. गिरणगावात ज्यांचे आजोबा असे राहिले, अशी घरे महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

पहिल्या महायुद्धात घरभाडी भडकली, म्हणून १९१८ मध्ये भाड्यावर पहिले नियंत्रण आले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला आणि प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले. गोदीतला हमाल, गिरणीतला साचेवाला, शाळामास्तर अशा माणसांना शहराच्या मध्यात राहता आले ते या कायद्यामुळे. पण भाडे तिथेच थांबले आणि चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी मात्र वाढत गेली. पन्नास वर्षांनी, डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अन्याय्य ठरल्याचे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. मुंबईचा १९४७ चा कायदा, मराठवाड्यातला हैदराबादचा १९५४ चा कायदा आणि विदर्भातला मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश, या तिन्हींच्या जागी राज्यभर हा एकच कायदा आला. यवतमाळसारख्या गावात त्याआधी किरायेदाराला काढायचे तर भाडे नियंत्रकाची परवानगी लागत असे.

या सगळ्या प्रवासात एक तारीख निर्णायक आहे: १ फेब्रुवारी १९७३. त्या दिवशी लिव्ह अँड लायसन्सवर जो प्रत्यक्ष राहत होता त्याला सुधारित कायद्याने भाडेकरूचा दर्जा दिला. हा निर्णयही नाईकांच्याच कारकिर्दीतला, आणि असंख्य पोटभाडेकरूंना घर देणारा. त्याच निर्णयाने पुढच्यांसाठी दार बंद झाले. मालक सावध झाले. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी नवा दलाल, नवे डिपॉझिट, आणि शक्य तिथे करारच नाही, ही रीत पडली. १९९९ च्या कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती पाळली नाही तर शर्तींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरावे, मालकाला शिक्षा व्हावी, अशी तरतूद आहे. पाणी, वीज, जिना, संडास यांसारखी आवश्यक सोय तोडता येत नाही. घर राहण्याजोगे राखण्याचे कर्तव्य मालकाचेच आहे. मालकाने हयगय केली तर रीतसर नोटीस देऊन भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करता येते आणि तो खर्च ठरावीक मर्यादेत भाड्यातून वळता करता येतो. हे सारे हक्क बजावायला आधी आपण इथे राहतो हे सिद्ध करावे लागते. ज्याच्याजवळ पावती नाही, ज्याच्या नावाने वीजबिल येत नाही आणि ज्याचे भाडे मुकादम पगारातूनच कापून घेतो, त्याच्यासाठी ही कलमे निरुपयोगी आहेत.

इमारत कशी मरते, हे समजून घेतल्याशिवाय धोक्याची वाटणी नीट दिसत नाही. शतकापूर्वीची मुंबईची चाळ म्हणजे विटांच्या जाड भिंती, सागाचे खांब, सागाच्या तुळया आणि त्यांवर लाकडी किंवा चुन्याची जमीन. बांधणी उत्तम. या इमारतीला मारते ते पाणी. सामाईक संडासाचे आणि मोरीचे पाणी वर्षानुवर्षे भिंतीत मुरते. तुळईचे टोक भिंतीत जिथे रुतलेले असते तिथेच ते आतून कुजते, वरून रंग देऊन सगळे ठीक दिसते. फटीत पडलेल्या बीचा पिंपळ होतो आणि त्याचे मूळ विटा उचलते. मग ओझे वाढते: पोटमाळा, पाण्याची टाकी, लाकडी जमिनीवर घातलेली लादी, कधी यंत्रे. तळमजल्यावर दुकानदाराला रुंद दर्शनी भाग हवा असतो, तो मधली भिंत काढतो. सत्तर-ऐंशीच्या दशकात घाईने बांधलेल्या सिमेंट-लोखंडाच्या इमारतींचे दुखणे वेगळे, पण औषध तितकेच कठीण. खाऱ्या वाळूने आणि अपुऱ्या आवरणाने आतली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीटचे पापुद्रे सुटतात, आणि उघडी पडलेली सळई आणखी वेगाने गंजते. बाहेरून टेकू लावले तरी हे आतले काम थांबत नाही.

आता या इमारतीत कोण राहतो ते पाहावे. काळबादेवी, भुलेश्वर, झवेरी बाजार या भागात बंगालमधून आलेले सोन्याचे कारागीर जुन्या खोल्यांत काम करतात आणि तिथेच झोपतात. दिवसा पाटावर बसून दागिने घडवायचे, रात्री पाट उचलून तिथेच अंथरूण. त्याच खोलीत गॅसची भट्टी, आम्ल, लाकडी माळ्यावर नेलेला वायरींचा गुंता, आणि खाली उतरायला एकच लाकडी जिना. आम्लाच्या वाफा आणि धुरांड्यांवरून वरच्या मजल्यावरचे जुने भाडेकरू तक्रारी करतात, महापालिका धुरांडी काढते, काही दिवसांनी ती पुन्हा लागतात. तक्रार करणाऱ्याचेही बरोबर आहे आणि कारागिराला दुसरी जागा नाही हेही खरे. याच काळबादेवीत ९ मे २०१५ रोजी गोकुळ निवास ही जुनी इमारत पेटली आणि कोसळली. आग विझवायला आत गेलेल्या अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचे प्राण त्या दुर्घटनेने घेतले. त्यांत दलप्रमुख सुनील नेसरीकर होते. प्रशिक्षित माणसे जिथून बाहेर पडू शकली नाहीत, तशाच इमारतींत रात्री माणसे दाराला आतून कडी लावून झोपतात.

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे फरसाण बनवण्याच्या एका गाळ्याला आग लागली आणि बारा कामगार गेले. हे कामगार आतच झोपत. त्यांचे घर कोणते, असे विचारले तर कागदोपत्री उत्तर गावाकडचे येईल. कारखान्याचे परवाने तपासणाऱ्या खात्याच्या दृष्टीने तो कारखाना होता, घरांची पाहणी करणाऱ्याच्या दृष्टीनेही तो कारखानाच होता. तिथे रोज रात्री माणसे झोपतात ही गोष्ट कोणत्याच तपासनिसाच्या नमुन्यात बसत नव्हती.

कुर्ल्याच्या नाईकनगरमधली इमारत २७ जून २०२२ च्या रात्री कोसळली आणि एकोणीस माणसे दगावली. या घटनेत सगळे धागे एकत्र आले आहेत. महापालिकेने त्या इमारतीला काही वर्षे आधी धोकादायक ठरवून नोटिसा दिल्या होत्या. नंतर दुसऱ्या तपासणीत ती दुरुस्तीयोग्य असल्याचा निर्वाळा मिळाला. दुरुस्तीही झाली नाही आणि इमारत रिकामीही झाली नाही. खोल्या मजुरांना भाड्याने गेल्या. धोकादायक इमारतीचा भाडेबाजार असाच चालतो. ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत आहे तो कुटुंब हलवतो, रिकामी खोली कमी भाड्यात ठेकेदाराला देतो, ठेकेदार तिथे दहा माणसे ठेवतो. नोटीस मालकाच्या नावाने निघते, गेटवर मराठीत चिकटते. आत झोपणारा पहाटे कामावर जातो, रात्री परततो, आणि त्या कागदावर काय लिहिले आहे हे त्याला कोणी सांगत नाही. धोका भाड्यातच मोजला गेलेला असतो, फक्त त्याची माहिती एकाच बाजूला असते.

भिवंडीतले पटेल कंपाउंड यंत्रमागांच्या वस्तीत आहे. तिथली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे झोपलेल्या माणसांवर बसली. चाळिसाच्या आसपास मृत्यू झाले. मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल देताना बेकायदा आणि धोकादायक बांधकामांबाबत स्थानिक संस्थांची जबाबदारी सविस्तर तपासली. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याला बेकायदा बांधली जात असलेली इमारत पडून ७४ जण मेले होते. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर मजुरांची कुटुंबे राहत होती. ती इमारत जुनी नव्हती, तिला वर्षही झाले नव्हते. इमारतीच्या वयावरून धोका ओळखण्याची सवय अशा वेळी फसवते. माणूस तिथे कोणत्या अटींवर राहतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

नुसते नाव नोंदल्याने सगळे सुटते असाही दावा करता येत नाही. माझगावची बाबू गेनू मंडई इमारत महापालिकेची स्वतःची होती, राहणारे तिचेच कर्मचारी होते, प्रत्येकाचे नाव दप्तरात होते. २७ सप्टेंबर २०१३ रोजी ती पडली आणि ६१ जण गेले. तळमजल्यावरच्या गोदामात केलेले फेरफार त्याला कारण ठरल्याचे पुढे आले. भेंडी बाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली, ३३ मृत्यू झाले. ती पुनर्विकासासाठी घेतलेली होती. काही कुटुंबे आधीच हलली होती, काही उरली होती. उरलेल्यांना दोष देणे सोपे आहे. पण मुंबईत संक्रमण शिबिर म्हणजे काय, हे प्रत्येक भाडेकरूला ठाऊक आहे. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून गेलेली कुटुंबे तिथे वीस-वीस, तीस-तीस वर्षे अडकली आहेत. खोली सोडली की हक्क सुटतो, ही भीती अनुभवातून आलेली आहे. नोंदलेल्या भाडेकरूचीच जर ही गत, तर पोटभाडेकरूला शिबिरात जागा मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

डोंगरीतल्या केसरबाई इमारतीच्या बाबतीत यादीचा खेळ उघड दिसला. १६ जुलै २०१९ ला ती पडली आणि म्हाडाने सांगितले की कोसळलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा नव्हता, तो मागे बेकायदा वाढवलेला होता. ढिगाऱ्याखालून माणसे काढली जात असताना ती कोणाच्या यादीतल्या भिंतीखाली सापडली, हा वाद दोन कार्यालयांत सुरू होता. झोपडपट्टीतही वेगळे घडत नाही. १९७१ च्या झोपडपट्टी कायद्यापासून आजच्या पुनर्वसन योजनांपर्यंत पात्रता ठरते ती झोपडीच्या धारकाची, विशिष्ट तारखेच्या पुराव्यावर. त्या झोपडीच्या माळ्यावर भाड्याने राहणारा बहुतेक वेळा हिशेबाबाहेर राहतो. पात्र माणसाला पक्के घर मिळते, अपात्र माणूस पुढच्या कच्च्या वस्तीत सरकतो.

शासनाकडे या माणसांची नावेच नाहीत असे मात्र नाही. बहुतेक शहरांत पोलिसांचा आदेश असतो की घरमालकाने भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी. फोटो, आधार, मूळ गाव, काम, सगळे तिथे नोंदले जाते. सुरक्षेसाठी ती नोंद हवी, याबद्दल वाद नाही. पण तीच यादी धोकादायक इमारतींच्या यादीशेजारी ठेवून पाहण्याची पद्धत नाही. परगावच्या माणसापासून शहराला धोका आहे का, हे तपासायला यंत्रणा आहे. शहरापासून त्या माणसाला काय धोका आहे, हे तपासायला तिचा उपयोग होत नाही. ही उणीव पैशाची नाही. एका कार्यालयातला कागद दुसऱ्या कार्यालयात नेण्याची आहे, आणि म्हणूनच ती जास्त खटकते.

कामगारविषयक कायद्यांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने योग्य निवारा द्यावा असे होते. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात कामाच्या जागी तात्पुरती राहण्याची सोय मालकाने विनामूल्य करायची होती. हे दोन्ही कायदे २०२० च्या सुरक्षा व आरोग्य संहितेत सामावले आहेत. या तरतुदींचा प्रत्यक्षातला अर्थ पुण्याच्या कोंढव्यात २९ जून २०१९ च्या पहाटे कळला. सोसायटीची संरक्षक भिंत पावसात खालच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली आणि बिहारमधून आलेल्या कुटुंबांतली पंधरा माणसे, मुलांसह, गेली. निवारा दिला होता. तो कुठे बांधला, हे कोणी पाहिले नव्हते.

करोनाच्या टाळेबंदीत या खोल्या दिवसपाळी-रात्रपाळीच्या हिशेबावर चालतात हे सर्वांना दिसले. सगळ्यांनी घरातच थांबायचे ठरल्यावर पाळीने झोपणाऱ्यांना एका वेळी आत मावताच येईना. काम थांबले, भाडे थांबले नाही. लोक निघाले. १९ मे २०२० रोजी सोलापूरहून नागपूरकडे मजुरांना घेऊन चाललेली एसटी यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या कोळवनजवळ ट्रकवर आदळली आणि चौघांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी केंद्राने शहरांतल्या स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना जाहीर केली. विचार योग्य होता. रिकाम्या पडलेल्या सरकारी सदनिका भाड्याने द्यायच्या, किंवा कारखानदारांनी स्वतःच्या जागेवर कामगारांसाठी वसतिगृहे बांधायची. जुन्या वस्तीतल्या कारागिराला मात्र कामापासून दोन तास दूरचे घर परवडत नाही. त्याचा दिवस मजुरीचा आणि प्रवास स्वतःच्या खर्चाचा असतो. त्यामुळे जिथे काम आहे तिथलीच खोली सुरक्षित करण्याला पर्याय राहत नाही.

यवतमाळ जिल्हा या चित्रात दोन्ही बाजूंना आहे. पुसद, दिग्रस, महागाव, उमरखेड, आर्णीकडच्या तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला आणि बांधकामावर निघतात. ती पुण्या-मुंबईच्या कडेला पालांत, पत्र्यांत, अर्धवट इमारतींत राहतात. दुसरीकडे वणीच्या कोळसा खाणींच्या आणि राजूरच्या चुनाभट्ट्यांच्या पट्ट्यात बाहेरून आलेला मजूर किरायाच्या खोल्यांत राहतो. जुन्या पेठांत पांढऱ्या मातीच्या भिंतींची, सागाच्या आढ्याची, कवेलूची घरे अजून आहेत. मालक नव्या वसाहतीत गेला की मागच्या पडवीला टिन ठोकून तीन-चार खोल्या किरायाने लागतात. इथला शत्रू समुद्राची खारी हवा नसून काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि उथळ पाया दर वर्षी वरखाली होतो. मातीची भिंत एकदा खालून भिजली की वरचे सागाचे आढे कितीही मजबूत असले तरी उपयोग नसतो. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत वाघाडी नदीचे आणि नाल्यांचे पाणी यवतमाळ शहरातल्या सखल वस्त्यांत शिरले, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला वेढा पडला. पाण्याची रेघ भिंतीवरून पुसली जाते, पण मातीच्या भिंतीतला ओलावा कितीतरी दिवस टिकतो, आणि त्याच खोलीत किरायेदार परत येतो.

मुंबईत निदान उपकर आहे, दुरुस्ती मंडळ आहे, अपुरी का होईना शिबिरे आहेत. १९६९ चा कायदा ज्यांच्या कारकिर्दीत झाला त्यांच्याच जिल्ह्यात तो लागू झाला नाही, कारण तो फक्त मुंबई शहरापुरता होता. नगरपरिषदेच्या हाती १९६५ च्या नगरपरिषद कायद्यातला अधिकार उरतो: धोकादायक बांधकामाला नोटीस द्यायची, पाडायला लावायचे. घर पाडल्यावर किरायेदाराने कुठे जायचे याचे उत्तर त्या नोटिशीत नसते. अधिकाऱ्यालाही हे कळते, म्हणून नोटीस निघते आणि अंमल होत नाही. अंमल न होण्याला नेहमी लाचलुचपत कारण असते असे नाही. पावसात एखाद्या बाईला मुलांसह रस्त्यावर काढण्याचे धैर्य कोणाला होत नाही, हेही कारण असते.

जगात इतरत्र काय झाले ते इथे उपयोगी आहे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये युरोपातून आलेले लाखो लोक अंधाऱ्या खोल्यांत राहत. १९०१ च्या टेनमेंट हाउस कायद्याने नव्या इमारतींना खिडकी, संडास आणि आगीतून सुटायची वाट सक्तीची केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तपासणीसाठी शहरात स्वतंत्र खाते उभे केले. फ्रान्समधल्या मार्सेय शहराच्या जुन्या नोआय वस्तीत ५ नोव्हेंबर २०१८ रोजी दोन घरे कोसळून आठ जण मेले. हा भाग गरिबांचा आणि स्थलांतरितांचा. फ्रान्सच्या २०१४ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार नगरपालिकेला ठरावीक वस्तीत असा नियम करता येतो की खोली भाड्याने देण्याआधी मालकाने परवानगी घ्यावी आणि खोली राहण्याजोगी असल्याचे दाखवावे. तपासणीचा क्षण इथे बदलतो. इमारत पडायला आल्यावर येणारी नोटीस माणसाला बाहेर काढते. भाड्याने देण्याआधीची तपासणी त्याला धोक्याच्या खोलीत शिरूच देत नाही.

ही पद्धत महाराष्ट्रात आणायला नवा मोठा कायदा लागणार नाही. भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहेच. तिच्यासोबत इमारत धोकादायक यादीत नसल्याचा दाखला जोडणे सक्तीचे करता येईल. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद महापालिकांच्या कायद्यांत आहे. तपासणी करणाऱ्या अभियंत्याने तिथे प्रत्यक्ष झोपणारी माणसे मोजावीत आणि ती संख्या अहवालात लिहावी, एवढी एक ओळ वाढवली तरी पोटमाळे आणि गाळे नोंदीत येतील. नोटीस मालकाबरोबर प्रत्येक खोलीच्या दारावर लागावी. ती राहणाऱ्याच्या भाषेत असावी, मग ती हिंदी असो, बांगला असो, तेलुगू असो किंवा गोरमाटी. शक्य तर वाचून दाखवावी. पर्यायी जागेचा हक्क मालकीवर किंवा पावतीवर न ठेवता त्या दिवशी तिथे राहत असण्यावर ठेवावा. पुनर्विकासातल्या कायमच्या घराचा हक्क वेगळा आणि जीव वाचवण्यापुरत्या निवाऱ्याचा हक्क वेगळा. दोन्ही एकाच पात्रतेला बांधल्यामुळे माणसे ढिगाऱ्याखाली सापडतात.

यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेडसारख्या नगरपरिषदांना याची सुरुवात मुंबईपेक्षा सोपी आहे, कारण इथे इमारती हजारांत नाहीत. मे महिन्यात वॉर्डनिहाय पाहणी करता येते. मातीच्या भिंतींच्या खोल्या, एकच दार असलेले गाळे, नाल्याकाठचे टिनाचे निवारे एका वहीत येऊ शकतात. त्या वहीत पोलीस ठाण्यातली किरायेदारांची माहिती जुळवता येते. बाहेर जाणाऱ्या तांड्यांची नोंद ग्रामपंचायतीने मुकादमाच्या नावासह ठेवली, तर जिथे ती कुटुंबे पोचतील तिथल्या कामगार कार्यालयाला ती पाठवता येते. आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी प्रत्येक वॉर्डासाठी एक शाळा किंवा समाजमंदिर ठरवून, तिथे पाणी, दिवा आणि संडास चालू असल्याची खात्री करून, चावी कोणाकडे आहे हे त्या वॉर्डातल्या किरायेदारांना सांगून ठेवता येते.